उभा फाटलेला गावनकाशा

रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर ते पायाने बाजूला सारून पुढे जाणारी बाई आहे मी. असले अनुभव वाचायला मला आवडायचे, पण लिहिणाऱ्यांचं मनातून हसूच यायचं. आज त्यांच्याच रांगेत येऊन बसले आहे. तुम्हाला हसायचं असेल तर हसा... फक्त खाली कमेंटमध्ये "ताई, एकदा डॉक्टरांना दाखवा" असं लिहू नका. दाखवून झालंय.

मी नवऱ्याबरोबर नांदेडला राहते, तरोड्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. नंतर जुने कागद दुरुस्त करायचं ट्रेनिंग घेतलं आणि आता तेच करते — फाटक्या पोथ्या, जुनी पोस्टर्स, नकाशे. समोरची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. त्यात एक मोठं टेबल, त्याची एक कड खिडकीला टेकलेली. खिडकी बाहेरच्या कॉमन गॅलरीत उघडते. चिकटवलेला कागद सपाट राहावा म्हणून वर ठेवायला लोखंडी वजनं आहेत, जुन्या किराणा दुकानातल्या तराजूची, एक-दोन किलोची. शेजारी हमीदा आपा राहतात. रिटायर्ड शिक्षिका आहेत. माझ्याकडे उर्दू कागद आला की त्याच वाचून देतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना. उमरी तालुक्यातल्या एका गावातून दोन गृहस्थ आले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. एक विश्वनाथ आप्पा — कपाळावर भस्माचे पट्टे, गावात किराणा दुकान. दुसरे दिगंबरराव, शेतकरी. दोघंही पासष्टीच्या आसपासचे, लहानपणापासूनचे दोस्त. दोघांच्या काखेत एकेक गुंडाळी.

"ताई, ह्यो आमच्या गावचा नकाशा. निजामाच्या टायमाचा हाय," दिगंबरराव म्हणाले. "अर्धा ह्याच्या घरी ऱ्हातो, अर्धा माझ्या. कळतंय तवापासून असंच बघून राहिलो."

"असं का?"

"काय की! वाटणीत आला असंल," आप्पा हसले. "ह्याच्या आज्यानं ओढ्याकडची बाजू घेतली, आन् आम्हाला निस्तं माळरान."

ग्रामपंचायतीचा नवा हॉल बांधून झाला होता. त्यात नकाशा जोडून, फ्रेम करून लावायचा, असं गावाने ठरवलं होतं.

गुंडाळ्या उघडल्या. कापडावर चढवलेला जाड कागद, हाताने रंगवलेला. शेतांची नावं उर्दूत, काही ठिकाणी मोडीत. ओढा निळा, आमराई गडद हिरवी. आणि बरोबर मधून, वरपासून खालपर्यंत, कापडासकट उभा फाटलेला.

काठ जुळतात का हे आधी बघावं लागतं. मी टेबलाच्या टोकाला भिंग घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं आपापला तुकडा धरा... हळू सरकवा. अजून थोडा. हां."

दुपारचे बारा-साडेबारा वाजले असतील. चहाचे कप खिडकीत होते. आप्पा कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होते. काठ काठाला टेकला आणि आप्पांचं वाक्य मधेच थांबलं.

दिगंबररावांनी हात लांब केला आणि आप्पांचा गळा धरला. ओरडले नाहीत, शिवी नाही, काही नाही. एखादी वस्तू उचलावी तसा धरला आणि दाबत गेले. आप्पांनी टेबलावर चाचपडून दोन किलोचं वजन उचललं आणि त्यांच्या कानशिलावर हाणलं. हाड वाजल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दिगंबररावांचा कान फाटला, रक्त गळ्यावर आलं, पण गळ्यावरची पकड सुटली नाही. आप्पांनी पुन्हा हाणलं. पुन्हा. मी मधे घुसले, दोघांना ओढत होते, "अहो आप्पा, अहो काय करताय!" म्हणून किंचाळत होते. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. खोलीत मी नव्हतेच जणू. झटापटीत मी टेबलावर आदळले, एक तुकडा घसरून फरशीवर पडला...

आणि थांबलं. बटण बंद केल्यासारखं.

आप्पांच्या हातातलं वजन खाली पडलं. दिगंबररावांनी कानाला हात लावला, तळव्यावरचं रक्त बघितलं.

"आप्पा, काय झालं रे?"

"मला काय इचारतो... मला श्वास घ्यायला येईना झाला," आप्पा खोकत म्हणाले. दोघं एकमेकांना धरून खाली बसले. आप्पा रडायला लागले.

दवाखान्यात दोघांनी जिन्यावरून पडलो असं सांगितलं. दिगंबररावांना नऊ टाके पडले. नकाशा माझ्याकडेच राहिला.

मी काय समजले? तेच, जे तुम्ही आता समजलात. जुनं वैर असेल. पोटात ठेवलेलं कधीतरी बाहेर येतं.

पुढचे दोन महिने मी एकेक तुकडा वेगळा दुरुस्त केला. मऊ ब्रशने धूळ काढली, खोडरबराच्या चुऱ्याने मळ उतरवला, मागचं कुजलेलं कापड सोडवून नवीन मलमल लावली. काहीही झालं नाही. उलट इतकं सुंदर काम खूप दिवसांनी हातात आलं होतं. हमीदा आपा रोज संध्याकाळी येऊन एकेका शेताचं नाव वाचून दाखवायच्या.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. फाटलेल्या काठावर जुन्या दुरुस्त्यांचे थर होते. सगळ्यात खाली पिठाच्या खळीचा थर. त्यावर सुईने शिवल्याची भोकं. मग डिंक. मग कुठल्यातरी काळातल्या चिकटपट्टीचा पिवळा डाग. म्हणजे नकाशा चार वेळा जोडला गेला होता आणि चारही वेळा त्याच रेघेवर, कापडासकट, पुन्हा फाटला होता. काठालगत तपकिरी शिंतोडे होते. काही डिंकाच्या खाली, काही वर. मी वहीत लिहिलं — 'आधीच्या दुरुस्त्या कच्च्या.' एवढंच.

मे महिन्यात जोडायचं ठरवलं. नांदेडच्या मे महिन्यात खळ बघता बघता सुकते, आणि जोडावर लावायचा पातळ जपानी कागद उडतो म्हणून कूलर लावता येत नाही. एकटीने घाई झाली असती. म्हणून लातूरहून मीराला बोलावलं.

मीरा माझी धाकटी बहीण. कॉलेजात शिकवते. आई गेली तेव्हा ती सातवीत होती, तिच्या वेण्या मी घालून दिल्यात. आमच्यात कधी शेतावरून, दागिन्यावरून, कशावरूनही वाजलेलं नाही. मार्चमधली हकीकत मी तिला सांगितली होती. ती म्हणाली, "ताई, म्हातारे लोक लई खतरनाक असतात गं," आणि दोघी खूप हसलो.

सकाळी दहा वाजता दार आतून लावून घेतलं, वाऱ्याने उघडू नये म्हणून. खिडकी उघडी होती. मीराने एक तुकडा धरला, मी दुसरा. काठ जुळले.

पुढचं मी हमीदा आपांनी सांगितलं तसं लिहिते. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

त्यांना आधी आवाज ऐकू आला, कपाट पडल्यासारखा. खिडकीतून बघितलं तर मी मीराचे केस मुठीत धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटत होते. मीराने माझ्या तोंडावर कोपर मारलं. माझा पुढचा दात तुटला. तो आजही नाही. मग मी कागद कापायचं ब्लेड घेतलं. मीराने ते उघड्या हाताने धरलं आणि मी ते ओढून काढलं. तिच्या तळव्यातून रक्त असं उडालं की खिडकीच्या गजापर्यंत आलं. ती माझ्या दंडाला चावली, मांस तुटेपर्यंत. हमीदा आपा दार बडवत होत्या, खिडकीतून हाका मारत होत्या. आम्ही खाली फरशीवर होतो, मी वर, मीरा खाली, आणि माझ्या दोन्ही हातांत दोन किलोचं वजन तिच्या चेहऱ्यावर उचललेलं होतं. मीराने उठण्यासाठी कशाचा तरी आधार घ्यावा म्हणून टेबलावरून लोंबणारी मलमल ओढली. तिचा तुकडा तिच्या अंगावर येऊन पडला.

मी वजन बाजूला ठेवलं. आपा म्हणतात, जपून ठेवलं, फरशी फुटू नये म्हणून.

"ताई," मीरा म्हणाली, "माझा हात बघ ना."

तिच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. फळ्यावर लिहिता येत नाही, पीपीटी वापरते. दवाखान्यात आम्ही काच फुटली म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या दंडावरच्या दातांच्या खुणा बघितल्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं. आठवडाभराने हमीदा आपा माझ्यासाठी पेज घेऊन आल्या, आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "एक बात बोलूँ? बुरा नक्को मानो. तुम दोनों बहनें एकदम चुप थीं. मैं चिल्ला रही थी, तुम दोनों चुप."

मी उमरीची एसटी पकडून त्या गावात गेले. मला एक खून हवा होता. खरंच सांगते. तिथे कुणी कुणाला मारलं होतं, भावाने भावाला संपवलं होतं, असं काही कळलं असतं तर मनाला कुठेतरी टेकायला जागा झाली असती. आप्पा आणि दिगंबरराव मला गावच्या जुन्या कोतवालाकडे घेऊन गेले. नव्वदी पार केलेले, पण डोकं शाबूत.

"खून? न्हाई बा," ते म्हणाले. "ह्या गावात कवा खून झाला न्हाई. रझाकाराच्या टायमाला बी शेजारच्या गावात झालं, हितं न्हाई."

"मग नकाशा फाडला कोणी?"

"कोन जाणे. मी लहान व्हतो तवाच दोन तुकडे. येक ह्यांच्या घरी, येक त्यांच्या. एकत्र ठेवू नये, येवढंच सांगायचे. मधे मधे कोनीतरी हुशार निघायचा, जोडायचा. परत कोनीतरी फाडायचा."

"का फाडायचा?"

म्हाताऱ्याने माझ्या तुटलेल्या दाताकडे बोट केलं. "तुमी जोडून बगितला ना? मंग मला कशाला इचारता?"

परत येताना दिगंबरराव स्टँडवर सोडायला आले होते. पूर्वीसारखे ते आणि आप्पा शेजारी शेजारी बसत नव्हते, हे मी बघितलं होतं. कट्ट्यावर मधे एका माणसाची जागा सोडून बसत.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझा एक ओळखीचा केमिस्ट्रीवाला आहे. तो म्हणाला, जुन्या हिरव्या रंगात विष असतं, उन्हाळ्यात त्याची बारीक धूळ नाकात जाते, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. मला हे पटलं. पटवून घेतलं, असं म्हणा. जूनमध्ये एका सकाळी मास्क लावला, हातमोजे घातले, खिडकी सताड उघडली आणि एकटीने काम सुरू केलं. दुसरं कुणी नसलं तर भांडण कुणाशी होणार?

काठ जुळवले. काही झालं नाही. खळ लावली, वरून जपानी कागदाची पट्टी बसवली, वजनं ठेवली. अख्खं गाव पहिल्यांदा एकसंध दिसलं. ओढा अर्ध्यात तुटायचा तो पलीकडे वाहत गेला. मी एक हात नकाशावर ठेवून बघत उभी होते. खूप शांत वाटत होतं.

तेवढ्यात दार ढकलून हमीदा आपा आत डोकावल्या. "अगे, मास्क लगाके क्या कर रहे तुम?"

माझ्या हातात वजन होतं. ते कधी घेतलं, मला कळलं नाही.

आपांनी मास्कवरचे माझे डोळे बघितले. त्या माऊलीने एक क्षण दवडला नाही — मागे सरकल्या, दार ओढलं, बाहेरून कडी घातली. मी दारावर वजन हाणलं. फळी तडकली. पुन्हा हाणलं. त्या फटीतून मला त्यांची हिरवी ओढणी दिसत होती आणि मला फक्त तिथपर्यंत पोहोचायचं होतं. हातमोजे फाटले, बोटं दारात सापडून सोलली, नख उपटलं, दुखत नव्हतं. फळीचा तुकडा बाहेर पडला. मी त्या भोकातून हात बाहेर घातला, कडी चाचपली...

आपा दारापाशी नव्हत्या. खिडकीशी होत्या. कोळिष्टकं काढायच्या लांब झाडूच्या दांड्याचा आकडा त्यांनी गजांतून आत घातला, नकाशाच्या कडेला अडकवला आणि जिवाच्या आकांताने ओढला. वजनं धडाधड खाली पडली. ओली खळ, पट्टी, नवी मलमल, सगळं एका दमात, वरून खाली, फाटलं. त्याच रेघेवर.

मी दाराशी खाली बसले. आपा खिडकीच्या पलीकडे धापा टाकत होत्या, हातात माझ्या दोन महिन्यांच्या कामाची लक्तरं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आधीच्या चारही वेळा भांडणाऱ्यांपैकी कुणी नकाशा फाडला नसेल. प्रत्येक वेळी कुणीतरी आपांसारखं धावत आलं असेल.

आता इथे एक कबुली द्यायची आहे. मीराबरोबर काय झालं ते हमीदा आपांनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं वर म्हटलं. ते खोटं आहे. मला सगळं आठवतं. सगळ्यांना सांगितलं की मला काहीच आठवत नाही — डॉक्टरांना, मीराला, माझ्या नवऱ्याला. पण मला केसांचा तो झुबका आठवतो, ब्लेड ओढताना तळव्याने दिलेला विरोध आठवतो. अंगात दुसरं कुणी शिरलं होतं असं अजिबात वाटलं नव्हतं. ती मीराच आहे हे मला पूर्ण माहीत होतं. रागही नव्हता. खूप दिवस अवघडून बसल्यावर पाय मोकळे करावेत, तसं वाटत होतं.

नकाशा मी पुन्हा दुरुस्त केला. दोन तुकडे, दोन वेगळ्या फ्रेम, काचेखाली. काठ तसेच फाटके ठेवले. ऑगस्टमध्ये दिगंबरराव एकटेच जीप घेऊन त्यांचा तुकडा न्यायला आले. आप्पा दुसऱ्या दिवशी येणार होते. ते त्यांचं आपापसात ठरलं होतं. फ्रेम मागच्या सीटवर ठेवली, गोधडी गुंडाळली. जीप सुरू केली आणि परत बंद केली.

"ताई, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

त्यांनी फाटून जुळलेल्या कानाला हात लावला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप्पाचा गळा धरला तवा... मला लई ग्वाड वाटलं व्हतं. जलमात असं वाटलं न्हाई कधी. तुमाला बी तसंच झालं का?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी मान हलवली. जीप सुरू केली आणि निघून गेले.

ते काय होतं, मला माहीत नाही. रंगातलं विष म्हणावं तर सुट्या तुकड्यांवर दोन महिने काम करताना काहीच का झालं नाही? भूत म्हणावं तर कुणाचं? आता मी शोधतही नाही.

मीरा दर रविवारी फोन करते. परवा बोलता बोलता मधेच म्हणाली, "ताई, त्या दिवशीचं तुला खरंच काही आठवत नाही?"

मी नाही म्हणाले.

"मलाही नाही," मीरा म्हणाली. पण ते म्हणायला तिला जरा वेळ लागला.